रखुमाईचा रुसवा

तसबिरीत चितारी विठोबा-रखुमाईला शेजारी उभी करतो. पंढरीत मात्र माउलीचा गाभारा वेगळा, देवाच्या देवळामागे. असे का?

कथा सर्वांस ठाऊक आहे. द्वारकेत देवाजवळ राधा बसलेली पाहून रुक्मिणी उठली, ती थेट दिंडीरवनात आली. येथे आम्ही कीर्तनकार बायकांच्या रुसव्यावर दोन चुटके सांगतो, हशा पिकतो. मीही पुष्कळ वर्षे पिकवला. एकदा आरतीनंतर एक म्हातारी म्हणाली, "बुवा, ती रुसली म्हणता, पण तिचं चुकलं काय, ते नाही सांगितलंत." मला उत्तर सुचेना.

घरी येऊन भागवत उघडले. दशमस्कंधाच्या ५२ व्या अध्यायात रुक्मिणीचा कृष्णाला निरोप आहे, सात श्लोकांचा. भाऊ रुक्मी तिला शिशुपालास द्यायला निघाला होता. तिने ब्राह्मणाहाती निरोप धाडून आपला वर आपणच निवडला. अशी स्त्री का क्षुल्लक कारणाने उठून जाईल? मानी बाई मान राखून गेली, एवढाच त्याचा अर्थ. देवाने तो ओळखला. द्वारका सोडून तोच तिला शोधीत आला, म्हणून तर आपल्याला पंढरी लाभली! तो वेगळा गाभारा मला त्या मानाचीच खूण वाटते.

तेव्हा कीर्तनकार बंधूंनो, चुटके वगळा, तो निरोप सांगा. आणि घरातली कोणी बोलेनाशी झाली, तर हसू नका. देवाने केले तेच करा: उठा, तिच्याकडे जा, विचारा.

रामकृष्णहरि.