इंदूरचे वलय आणि गॅमा किरणांचे स्फोट

इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ हे १७२.५ मीटर परिघाचे वलय आहे. त्यात इलेक्ट्रॉनांना २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत ऊर्जा दिली जाते. चुंबकांमुळे मार्ग वळला की हे इलेक्ट्रॉन प्रकाश व क्ष-किरण बाहेर टाकतात. यासच सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. त्याचे दोन विशेष ध्यानी घ्यावेत. ते चहूकडे न पसरता गतीच्या दिशेने अरुंद शंकूत जाते. वेग प्रकाशवेगाच्या जितका निकट, तितका शंकू अरुंद. शिवाय ते ध्रुवित असते, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः एकाच प्रतलात होतात.

झोत व ऊर्जेचा हिशोब

गॅमा किरणांचे स्फोट अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी १९६७ साली प्रथम टिपले. ते वृत्त १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रचंड ताऱ्याचा गाभा ढासळताना, अथवा दोन न्यूट्रॉन तारे एकरूप होताना, द्रव्याचे दोन झोत परस्परविरुद्ध दिशांना जवळजवळ प्रकाशवेगाने सुटतात. २३ जानेवारी १९९९ चा स्फोट सर्व दिशांना सारखाच झाला असे मानल्यास, सूर्याचे संपूर्ण वस्तुमान ऊर्जेत रूपांतरित करूनही हिशोब जुळत नव्हता. परंतु अक्षापासून कडेपर्यंत ५ अंशांचा झोत धरल्यास दोन्ही झोत मिळून आकाशाचा सुमारे २६० वा भागच व्यापतात, आणि लागणारी ऊर्जाही त्याच प्रमाणात घटते.

झोत ओळखावा कसा? भोवतालच्या वायूत तो मंदावतो, तसा प्रारणाचा शंकू रुंदावतो. शंकू झोताहून अरुंद असेतो निरीक्षकास झोताची कड दिसत नाही. तो झोताहून रुंद होताच मागे उरलेली प्रभा सर्व तरंगलांबींत अधिक वेगाने ओसरू लागते. उपरोक्त स्फोटानंतर सुमारे दोन दिवसांनी दृश्य प्रकाशात असेच आढळले.

न सुटलेला प्रश्न

ही उत्तरप्रभा मुख्यतः सिंक्रोट्रॉन प्रारण होय, हे आता मान्य आहे. आरंभीच्या गॅमा किरणांविषयी मात्र एकमत नाही. येथे ध्रुवणाचे महत्त्व आहे. झोतातील चुंबकीय क्षेत्र सुसंगत असेल तर सिंक्रोट्रॉन प्रारण बरेच ध्रुवित असावे. क्षेत्र विस्कळीत असल्यास निरनिराळ्या प्रतलांतील कंपने एकमेकांचा परिणाम पुसतात. २०१५ साली प्रक्षेपित झालेल्या भारताच्या ‘अॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील कॅडमियम झिंक टेल्युराइड शोधकाने अनेक स्फोटांच्या ध्रुवणाची मापने केली, ती याच कारणास्तव.

अभ्यासार्थ

स्थिर इलेक्ट्रॉनाची ऊर्जा ५.११ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. २५० कोटींस तिने भागल्यास सुमारे ४,९०० येतात. ‘इंडस-२’ मधील प्रारणाचा शंकू साधारणतः १/४,९०० रेडियन, म्हणजे अंशाचा जेमतेम शंभरावा भाग असतो. झोताचा हाच गुणक १०० धरून विद्यार्थ्यांनी त्याच्या शंकूचा कोन काढावा व वरील ५ अंशांशी त्याची तुलना करावी.