विद्यार्थ्यांचीं बंधुमंडळें आणि त्यांची जन्मभूमि

नाताळच्या सुटींत केळव्याच्या सुरूच्या बनांत फिरावयास गेलें असतां एक देखावा बहुधा दृष्टीस पडतो. पिकल्या केसांचे दहापंधरा गृहस्थ वाळूवर कोंडाळें करून बसलेले असतात आणि एकमेकांस लहानपणच्या टोपणनांवांनीं हाका मारीत असतात. हे कोणत्या तरी शाळेचे अथवा कॉलेजचे जुने सोबती होत. त्यांचें हंसणें ऐकून मनांत प्रश्न येतो कीं, माणसें आपल्या विद्यार्थिदशेकडे पुनःपुन्हां कां वळतात? आणि एकत्र जमल्यावर त्यांनीं एकमेकांस काय विचारावें? याचें उत्तर शोधण्यासाठीं कांहीं विद्यार्थी-मंडळांचा इतिहास आपण येथें पाहूं.

अमेरिकेंतील कॉलेजांत ‘फ्रॅटर्निटी’ या नांवाचीं मंडळें असतात. ‘भाऊ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून हा शब्द निघाला असून बंधुमंडळ असा त्याचा अर्थ आहे. मंडळाचें नांव बहुधा ग्रीक वर्णमालेंतील दोन-तीन अक्षरांचें असतें. प्रवेशाच्या वेळीं दीक्षाविधि होतो. सभासदांच्या कांहीं गुप्त खुणाहि असतात. इ. स. १७७६ च्या डिसेंबरांत व्हर्जिनिया प्रांतांतील विल्यम अँड मेरी कॉलेजांत ‘फाय बीटा कप्पा’ हें मंडळ निघालें, आणि ग्रीक अक्षरांची चाल तेथून पडली. अशा मंडळाच्या शाखा अन्य कॉलेजांत पसरतात, शाखांचे प्रतिनिधि अधिवेशनासाठीं जमतात, आणि एखाद्या विशेष वर्षीं तें अधिवेशन मंडळाच्या जन्मस्थानींच भरवितात. ज्या आवारांत चार-सहा मुलांनीं आरंभ केला, तेथें शेंकडों माणसें संस्थापकांचें स्मरण करीत उभीं राहतात.

अशा जन्मस्थानांपैकीं एकाचा आपल्या मराठी मुलुखाशीं निकटचा संबंध आहे. मॅसॅच्युसेट्स प्रांतांत विल्यम्सटाउन गांवीं विल्यम्स कॉलेज आहे. १८०६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत तेथील पांच विद्यार्थी कॉलेजजवळच्या रानांत प्रार्थनेसाठीं जमले असतां वादळ आलें, आणि त्यांनीं गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. बोलणें आशिया खंडांतील लोकांविषयीं चाललें होतें. तिकडे आपण स्वतः जावें असें सॅम्युएल मिल्स याचें म्हणणें पडलें. हार्वे लूमिस याचें मत मात्र निराळें होतें. पूर्वेकडील लोक आधीं सुधारले पाहिजेत, नाहीं तर गेलेल्यांचा नाश होईल, असें तो म्हणाला. पुढें १८६७ सालीं त्या जागीं संगमरवरी स्मारक उभारण्यांत आलें. त्याच्या माथ्यावर पृथ्वीचा गोल असून खालीं पांचहि नांवें कोरलीं आहेत. विरोध करणाऱ्या लूमिसचें नांव गाळलेलें नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१८०८ सालीं मिल्स व त्याच्या सोबत्यांनीं ‘बंधु’ या नांवाचें एक गुप्त मंडळ त्याच कॉलेजांत स्थापिलें. त्याची घटना सांकेतिक लिपींत लिहिलेली होती. लोक आपणांस उतावळे व वेडे म्हणतील, आणि बेत फसला तर कार्याचीच नाचक्की होईल, अशी त्यांना धास्ती होती. परंतु हें गुपित त्यांनीं फार दिवस उराशीं बाळगलें नाहीं. दोनच वर्षांनीं आपला विचार त्यांनीं वडील धर्मपुढाऱ्यांपुढें मांडला, आणि त्यांतून १८१० सालच्या जूनमध्यें ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेचा जन्म झाला. विल्यम्स कॉलेजचाच पदवीधर गॉर्डन हॉल हा सॅम्युएल नॉट याजबरोबर ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस उतरला. कंपनी सरकारला हे पाहुणे नको होते. त्यांना परत धाडण्याचा हुकूमहि निघाला होता. तरीहि हॉल राहिला, मराठी शिकला आणि रस्त्यांतून लोकांशीं मराठींत बोलूं लागला. १८१५ पासून मुंबईंत त्या मिशनच्या शाळा निघाल्या. पुढें छापखाना आला. १८२४ सालीं मुलींची शाळा सुरू झाली. १८२६ च्या मार्चमध्यें नाशिककडील दौऱ्यावरून परततांना हॉल पटकीच्या आजारानें वारला. मिल्स तर त्याच्या आधींच, १८१८ सालीं, आफ्रिकेहून परततांना समुद्रावर मरण पावला होता.

१९०६ सालच्या ऑक्टोबरांत, गंजीखालच्या त्या सभेला शंभर वर्षें झालीं म्हणून, अमेरिकन बोर्डानें आपलें वार्षिक अधिवेशन नॉर्थ ॲडम्स व शेजारचें विल्यम्सटाउन या गांवीं भरविलें. पांच मुलांनीं जेथें पावसापासून आडोसा घेतला, तेथें दूरदूरच्या ठिकाणांहून आलेला समुदाय जमला. मुंबईंत उतरलेल्या त्या तरुणांच्या सर्वच मतांशीं आज आपण सहमत होऊं असें नाहीं. पण त्यांच्या गुप्त मंडळाचें दार शेवटीं बाहेरच्या बाजूस उघडलें, हें मान्य केलें पाहिजे.

त्याच कॉलेजांत १८३४ सालीं आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडली. गुप्त मंडळांच्या आपपरभावास कंटाळलेल्या तीस विद्यार्थ्यांनीं, जें कांहीं करावयाचें तें उघडपणें करूं, असें ठरवून निराळें मंडळ काढलें. तेंच पुढें ‘डेल्टा अप्सिलॉन’ या नांवानें प्रसिद्धीस आलें. तत्पूर्वीं, १८३१ सालीं, फाय बीटा कप्पानेंहि आपली गुप्तता सोडून दिली होती.

आतां आपल्या घराकडे वळूं. १८४८ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयांत तेथील प्राध्यापकांच्या उत्तेजनानें विद्यार्थ्यांची एक साहित्य व शास्त्र सभा निघाली. निबंध वाचावे व त्यांवर वाद करावा, एवढाच प्रथमचा हेतु होता. परंतु थोड्याच काळांत या तरुणांस असें वाटूं लागलें कीं, आपण शिकलों आणि आपल्या बहिणी अडाणी राहिल्या तर या निबंधांचा उपयोग काय? म्हणून १८४९ सालीं त्यांनीं मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नवरोजींसारखे तरुण सकाळच्या वेळीं तेथें विनावेतन शिकवीत. जगन्नाथ शंकरशेट यांनीं जागा व पैसा देऊन साह्य केलें. सभेच्या मराठी शाखेनें ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हें मासिक चालविलें. पूर्वेकडील लोक दुसऱ्यांनीं सुधारल्यावांचून सुधारणार नाहींत, असें ज्यांना वाटत होतें त्यांना या मुलांनीं आपल्या कृतीनें उत्तर दिलें.

त्याच १८४९ सालीं मुंबईंत परमहंस सभा हें दुसरें मंडळ निघालें. दादोबा पांडुरंग हे तिचे प्रेरक व राम बाळकृष्ण जयकर हे अध्यक्ष होते. ईश्वर एक आहे आणि जातिभेद मानूं नये, हीं तिचीं तत्त्वें. सभासद होतांना ख्रिस्ती माणसानें भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. त्या काळीं ही लहानसहान गोष्ट नव्हती. बाहेर फुटली असती तर पंक्ति, सोयरीक, सर्व कांहीं तुटलें असतें. म्हणून सभा गुप्त ठेवण्यांत आली. पुणें, सातारा इत्यादि ठिकाणीं तिच्या शाखा झाल्या. परंतु १८६० च्या सुमारास कोणी तरी सभेचे कागद चोरून सभासदांचीं नांवें प्रसिद्ध केलीं, आणि मंडळी भयानें पांगली. तत्त्वें मात्र मेलीं नाहींत. ३१ मार्च १८६७ रोजीं दादोबांचे बंधु आत्माराम पांडुरंग इत्यादिकांनीं प्रार्थना समाज स्थापिला, तो उघड्या दारानें.

या सर्व हकीकतींचें सार आपल्या शेतकऱ्याला विचारावें. भाताचें बीं तो प्रथम राबांत दाट पेरतो. तेथें रोपें एकमेकांस खेटून वाढतात, व कोवळेपणीं तें योग्यच असतें. पण पाऊस लागतांच तीं उपटून शेतांत आवणी करावी लागते. राबांतच राहिलेलें रोप पिवळें पडतें. मित्रमंडळाचेंहि असेंच आहे. लोकांच्या थट्टेपासून व कोपापासून कोवळ्या विचाराला आडोसा लागतो. त्या भयाची आपण निंदा करूं नये. परंतु आवणीची वेळ चुकली म्हणजे तोच आडोसा घातक होतो.

येथें स्वतःची एक गोष्ट सांगणें मला प्राप्त आहे. कॉलेजांत असतांना वसतिगृहांत आम्हां सहा जणांचें एक मंडळ होतें. रात्रीं दार लावून आम्ही वाचीत असूं, बोलत असूं, आणि आपण कोणी विशेष आहों असें मानीत असूं. आमच्याच किनाऱ्यावरचा एक कोळ्याचा मुलगा शेजारच्या खोलींत राहत असे. त्याला आम्हीं कधीं बोलाविलें नाहीं. नको असेंहि म्हटलें नाहीं. पुष्कळ वर्षांनीं स्नेहसंमेलनांत तो भेटला. मी मोठ्या उत्साहानें त्या रात्रींचीं वर्णनें करूं लागलों. तो शांतपणें म्हणाला, “सर्व ठाऊक आहे. माझ्या खोलीचा दिवा गेला कीं मी तुमच्या दाराबाहेर बसून वाचीत असें. आंतलें ऐकूं येई.” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. पण त्या दिवशीं मला जेवण गोड लागलें नाहीं.

म्हणून, मित्रहो, तुम्हीहि उद्यां मोठे व्हाल आणि आपल्या शाळेच्या आवारांत पुन्हां जमाल. तेव्हां टोपणनांवांनीं हाका अवश्य मारा, जुन्या खोड्यांवर पोटभर हंसा. परंतु उठण्यापूर्वीं दोन प्रश्न एकमेकांस विचारा: येथून निघाल्यावर आपल्या मैत्रीचा आपल्याखेरीज कोणास उपयोग झाला? आणि त्या दिवसांत आपल्या दाराबाहेर कोण बसलें होतें? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आठवलें, तर पुढच्या संमेलनाचें पहिलें निमंत्रण त्यालाच धाडा. आणि जे आज वर्गांत शेजारीं बसले आहेत, त्यांच्यासाठीं तितकी वर्षें थांबूं नका.