स्प्लिंट विकत मिळते, पण बसवून घ्यावी लागते

सर्जिकल सामानाच्या दुकानात ‘फूट ड्रॉप स्प्लिंट’ मागितली की समोरून प्रश्न येतो, ‘‘मीडियम की लार्ज?’’ बुटाचा नंबर सांगायचा, पाय डावा की उजवा ते सांगायचं, पैसे द्यायचे. पोटरीपासून तळव्यापर्यंत येणारी ती पांढऱ्या प्लास्टिकची वस्तू पिशवीत घालून आपण घरी येतो. माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला त्या वर्षी आमच्याही घरी ती अशीच आली. तिने घोट्याला केलेली जखम भरून यायला कित्येक आठवडे लागले आणि तेवढे दिवस त्यांचं चालणं बंद पडलं. झटक्यानंतरचे पहिले काही महिने सुधारणेच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचे. त्यातले आमचे बरेच दिवस असे गेले. दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

ह्यांची डावी बाजू लुळी पडली होती. घरी आलो तेव्हा आधाराने उभं राहता येत होतं, पण पाऊल उचललं की चवडा खाली लोंबायचा आणि बोटं फरशीला घासायची. चवडा वर उचलणारे नडगीपुढचे स्नायू दुबळे झाले की असं होतं. मग माणूस कंबर उचलून, पाय बाहेरून गोल फिरवून टाकतो. त्यात दमतो, अडखळतो, पडतो. लोंबणारं पाऊल नडगीशी साधारण काटकोनात धरून ठेवायचं, हे या स्प्लिंटचं काम. डॉक्टर आणि फिजिओ तिला ‘एएफओ’ म्हणतात, म्हणजे अँकल फूट ऑर्थोसिस.

रुग्णालयाच्या कागदावर ‘स्प्लिंट वापरावी’ एवढंच लिहिलेलं होतं. दुकानात सांगितलं, ‘‘जितका जास्त वेळ घालाल तितकं चांगलं.’’ त्यामुळे पहिल्या दिवसापासून ती सकाळी आंघोळीनंतर चढायची आणि रात्री जेवणं झाल्यावर उतरायची. ‘‘दुखतंय का हो?’’ असं मी रोज विचारायचे. ‘‘अजिबात नाही,’’ म्हणायचे, आणि ते खरंच होतं. झटक्याने त्या पायाची ताकद गेली होती, तसा स्पर्शही मंदावला होता. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर प्लास्टिकची कड दिवसभर घासत होती आणि त्याची जाणीव त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. घरी व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने एक दिवस मोजा उतरवला आणि म्हणाली, ‘‘काकू, हे बघा.’’ हाडावरची कातडी सोलून निघाली होती. त्यात मधुमेह, म्हणून जखम रेंगाळली.

तेव्हा पहिली गोष्ट ही: दुखत नाही म्हणजे लागत नाही, असं या आजारात कधीही धरू नका. पायाला जे कळत नाही ते घरातल्या कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहावं लागतं. एएफओ काढली की चांगल्या उजेडात पाऊल बघा. घोट्याची दोन्ही हाडं, टाच, पावलाच्या आतल्या कडेचा उंचवटा, बाहेरच्या कडेला मध्यावर असलेला उंचवटा, आणि एएफओची वरची कड जिथे येते ती पोटरीची जागा. दाबाने थोडी लाली येतेच. ती वीस-तीस मिनिटांत मावळली तर काळजी नाही. तशीच राहिली, फोड आला किंवा कातडी निघाली, तर घालणं थांबवा आणि ज्याने एएफओ बनवली त्याच्याकडे ती घेऊन जा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून पाहा. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट वाटली तर तोच इशारा समजा.

गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला एक छोटं हाड हाताला लागतं. त्याला वळसा घालून कातडीच्या अगदी जवळून एक नस जाते, आणि चवडा उचलणाऱ्या स्नायूंना हीच नस चालवते. एएफओची कड किंवा वरचा पट्टा त्या हाडावर दाबत असेल, तर ज्या दुबळेपणासाठी ती घातली तोच वाढू शकतो. म्हणून कड त्या हाडाच्या बोटभर तरी खाली असायला हवी. तयार मापात बुटाचा नंबर जुळतो, पण नडगीची लांबी कोण बघतं?

दुसरी गोष्ट, एएफओ औषधासारखी मात्रेने वाढवायची. पहिल्या दिवशी तासभर घालायची, काढून कातडी पाहायची, ठीक असेल तर पुन्हा घालायची. असं करत एक-दोन आठवड्यांत दिवसभरावर यायचं. आत सुती, शिवण न टोचणारा, गुडघ्यापर्यंतचा मोजा हवा आणि त्याला सुरकुती नको. टाच पार मागे टेकली की मगच पट्टे आवळायचे, आणि आधी घोट्याचा पट्टा. टाच वर राहिली तर पाऊल आत सरकत राहतं आणि घासतं.

जखम भरल्यावर आम्ही सांगलीतल्या एका ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे अशी साधनं मापाने बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे, गेलो. तिथे काय काय पाहायचं असतं ते मला पहिल्यांदा कळलं. त्यांनी आधी ह्यांना चालायला लावलं आणि बाजूने चाल पाहिली. घोटा हाताने वर-खाली करून किती ताठ आहे ते तपासलं. स्नायूंमध्ये ताठरपणा नसेल, नुसता दुबळेपणा असेल, तर मागून येणारी पातळ, लवचीक पट्टी पुरते. ताठरपणा जास्त असेल तर घोटा पूर्ण धरणारी जाड एएफओ लागते. गुडघ्यावर ताबा चांगला असेल तर घोट्याशी बिजागरी असलेलीही चालते. घोट्याचा कोन थोडा चुकला तरी त्याचा हिशोब गुडघ्याला चुकवावा लागतो. पाऊल खाली झुकलेलं राहिलं तर गुडघा मागे ढकलला जातो, नडगी फार पुढे कलली तर गुडघा वाकून माणूस खचतो. मग पायाला प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतला. त्यावरून प्लास्टरचा पाय करतात, हाडांच्या जागी थोडी भर घालतात, म्हणजे तिथे पोकळी राहते, आणि भट्टीत मऊ केलेला पॉलिप्रोपिलिनचा पत्रा त्यावर ओढून बसवतात. ती भर म्हणजेच घोट्याच्या कातडीचं रक्षण. दुकानातल्या तयार मापात ती आपल्या हाडाच्या जागी येईलच असं नाही.

तिसरी गोष्ट आपल्या घरांची. एएफओ पादत्राणात घालायची वस्तू आहे. आपण मात्र चपला दाराबाहेर काढतो, आणि देवघर-स्वयंपाकघरात बूट घालून जायचं ह्यांच्या मनाला पटेना. नुसती एएफओ घालून गुळगुळीत फरशीवर चालणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. आम्ही घरासाठी वेगळा, धुतलेला, वेल्क्रोचा बूट ठेवला. तो उंबऱ्याबाहेर जात नाही. तळाला घसरू न देणारं रबर लावून मिळतं, तेही विचारा. बूट नेहमीपेक्षा एखादा नंबर मोठा, तोंड रुंद उघडणारा हवा, आणि आतला सोल काढता येत असेल तर उत्तम. घरातल्या आणि बाहेरच्या बुटाची टाच सारख्याच उंचीची असू द्या. टाच बदलली की नडगीचा कल बदलतो आणि बसवलेला कोन वाया जातो. साचा द्यायला किंवा तपासायला जाताना रोजचे बूट बरोबर न्या.

न्हाणीघर हा सगळ्यांत धोक्याचा भाग. एएफओ काढून, ओल्या फरशीवर, अनवाणी, लोंबतं पाऊल घेऊन माणूस आत जातो. तिथे भिंतीत पक्का बसवलेला दांडा, बसून आंघोळीसाठी खुर्ची आणि रबरी चटई, हे एएफओ आणायच्या आधी करून घ्या. उकिडवं बसायच्या संडासात ताठ एएफओ घालून बसता येत नाही. कमोड किंवा कमोडची खुर्ची लागेल. मांडी घालून जेवायची सवय असेल तर टेबल-खुर्चीची सोयही लागेल.

हातासाठी मिळणाऱ्या स्प्लिंटबद्दलही सांगते. बोटं आखडू नयेत म्हणून ती घ्या, असं आम्हाला अनेकांनी सुचवलं. ब्रिटनमधल्या नाईस या संस्थेच्या २०१३ च्या पक्षाघात पुनर्वसनाच्या सूचनांत मात्र स्पष्ट म्हटलं आहे की, दुबळ्या हाताला मनगट-पंजाची स्प्लिंट सरसकट देऊ नये. ठरावीक रुग्णांना ती लागते, पण ती कोणाला लागते हे तपासणाऱ्याने ठरवायचं. शेजारच्या काकांना लागू पडली, हे कारण पुरेसं नाही.

आणि एएफओ घातली म्हणून व्यायाम संपत नाही. ती चालण्यासाठी, घोटा हलवायचे आणि ताणायचे व्यायाम ती काढून करायचे. ताकद येईल तसं पाऊल बदलतं, सूज उतरते, वजन कमी-जास्त होतं. सहा महिन्यांपूर्वी अचूक बसलेली एएफओ आज चुकीची असू शकते. ह्यांची जाड एएफओ पुढे हलक्या पट्टीवर आली. कोणाला ती सुटते, कोणाला कायम लागते. कायम लागली तरी तो पराभव नव्हे. पडण्याच्या भीतीने खाटेवर बसून राहणारा माणूस तिच्यामुळे कोपऱ्यावरून भाजी घेऊन येतो, ही कमाई छोटी नाही.

कुठे जायचं? ऑर्थोटिस्टचं स्वतंत्र शिक्षण असतं, आणि १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असते. नोंदणी आहे का, हे नि:संकोच विचारा. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पैशाची अडचण असेल आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर केंद्राच्या ‘एडिप’ योजनेची चौकशी करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तिच्यातून साधनं मिळतात. मात्र शिबिरात फुकट मिळालेली एएफओसुद्धा माणसाच्या पायावर चढवून, चालवून, काढून तपासली गेली पाहिजे. फुकट आहे म्हणून ही तपासणी मागायला संकोचू नका.

पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा: ही नेमकी कशासाठी आहे? पहिल्या दिवशी किती वेळ घालायची? काय दिसलं तर थांबायचं? पुन्हा तपासायला कधी यायचं? चारही उत्तरं कागदावर लिहून घ्या. उत्तर देता न येणाऱ्याकडून ती घेऊ नका, आणि आधीच घेतली असेल तर या आठवड्यात ती, रोजचे बूट आणि आपला माणूस असे तिघांना घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जाऊन या.