पास झालं, तरी बेरा का?

जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातून नातीला आज घरी सोडणार. पाचव्या दिवशी तिचं बिलिरुबिन २८ वर गेलं होतं, रक्त बदलावं लागलं. आता दूध चांगलं ओढतेय. कार्डावर शेवटी लिहिलंय ‘बेरा तपासणी’. आजी तिथंच अडल्या.

आजी : सिस्टर, काल कानात बोंडी घालून तपासलं की. पास म्हणाल्या त्या बाई.

सिस्टर : ती ओएई, आजी. कानात बारीक आवाज सोडतात आणि आतल्या शंखातून उमटणारा प्रतिसाद मोजतात. शंखाचं काम ठीक आहे, एवढंच त्यातून कळतं. काविळीचा घाव बहुतेक वेळा शंखावर बसतच नाही.

आजी : मग कुठं बसतो?

सिस्टर : कानाकडून मेंदूत जाणाऱ्या नसेवर आणि मेंदूच्या बुंध्यातल्या ऐकण्याच्या केंद्रांवर. बिलिरुबिन फार वाढलं की ते मेंदूत शिरतं, आणि या पेशींना त्याची झळ फार लवकर लागते. कधी बाळ हातपाय नीट हलवतं, दूध पितं, आणि दोष राहतो तो फक्त ऐकण्यात.

आजी : म्हणजे ठार बहिरं?

सिस्टर : दर वेळी नाही. काहींना आवाज येतो, पण स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखा. भांडं पडलं की बाळ दचकतं, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पण ‘बाबा’ आणि ‘दादा’ त्याला वेगळे ऐकू येत नाहीत. दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, तेव्हा धावपळ सुरू होते. हे मला फार लागतं, कारण तोवर शिकण्याचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो.

आजी : बेराला टोचतात का?

सिस्टर : अजिबात नाही. कपाळाला, कानामागे वायरी चिकटवतात आणि कानात आवाज देतात. तो मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचला की पडद्यावर लहरी उमटतात. बाळ झोपलेलं हवं, म्हणून पोटभर पाजूनच आणा.

आजी : आणि खराब आली तर?

सिस्टर : बिलिरुबिन उतरल्यावर काही बाळांच्या लहरी सुधारतात, म्हणून तपासणी पुन्हा करतात. दोष राहिलाच, तर कुणाला श्रवणयंत्र, कुणाला कॉक्लिअर इम्प्लांट लागतं. तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत.

आजी : शेजारीण म्हणते, कोवळं ऊन दिलं असतं तर ही वेळ आली नसती.

सिस्टर : साधी कावीळ निम्म्याहून जास्त बाळांना होते आणि आपोआप उतरते, म्हणून उन्हाला श्रेय मिळतं. वाढलेल्या काविळीला निळ्या दिव्याचे उपचारच लागतात. उन्हाच्या भरवशावर दिवस घालवले की धोका वाढतो.

आजी : धाकट्या सुनेचे दिवस भरत आलेत. तिच्या बाळाचं काय बघू?

सिस्टर : पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, तर तो साधा समजायचा नाही. सावळ्या बाळाचा अंदाज ट्यूबलाइटखाली चुकतो. दिवसाउजेडी नाकावर, छातीवर बोट दाबून उचला आणि रंग बघा. आशाताई तिसऱ्या, सातव्या दिवशी येतील, त्यांना बाळ उघडं करून दाखवा. पिवळेपणा तळपायापर्यंत उतरला, बाळ सुस्त पडलं किंवा दूध ओढेना झालं, तर उद्याची वाट बघू नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.