फॅमिकॉमचें चित्र वाटेंत कोठें बिघडतें?

गेल्या वर्षीं आमच्या प्रयोगशाळेंत एक पांढऱ्या व तांबड्या रंगाची लहानशी पेटी आली. शाळेचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त जपानांत असतो. त्यानें तेथील जुन्या सामानाच्या दुकानांतून ती विकत घेऊन विज्ञानमंडळास भेट म्हणून पाठविली. ही पेटी म्हणजे ‘फॅमिली कॉम्प्युटर’, संक्षेपानें ‘फॅमिकॉम’. क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीनें हें खेळयंत्र १५ जुलै १९८३ रोजीं १४,८०० येन किंमतीस विक्रीस काढिलें. त्याच्या रचनेचे प्रमुख मासायुकी उएमुरा हे २०२१ सालीं वारले. ज्या पालकांचें बालपण १९९० नंतरच्या दशकांत गेलें, त्यांस हें यंत्र नांवानें नसलें तरी करणीनें परिचित असेल, कारण ‘टी. व्ही. गेम’ म्हणून आपल्याकडे जीं यंत्रें त्या काळीं अनेक घरीं आलीं, त्यांतील पुष्कळशीं याचीच नक्कल होतीं.

पेटी उघडतांच एका उत्साही विद्यार्थ्यानें तिच्याबरोबर आलेला अ‍ॅडॉप्टर भिंतींतील सॉकेटकडे नेला. आम्हीं त्याचा हात धरला म्हणून बरें. जपानांतील घरगुती वीज १०० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. क्षणांत अ‍ॅडॉप्टर जळाला असता. फॅमिकॉमला १० व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो, व त्यांतहि एक मेख आहे. आपल्याकडील बहुतेक अ‍ॅडॉप्टरांत पिनेचा मध्य धन असतो, येथें तो ऋण असतो. प्रयोगशाळेंतील वीजपुरवठ्याच्या साधनावरून योग्य तो दाब योग्य त्या दिशेनें जोडण्यांत आमचा पहिला दिवस गेला.

दुसऱ्या दिवशीं यंत्र सुरू केलें; परंतु आमच्या जुन्या काचनळीच्या टी. व्ही.वर केवळ ठिपक्यांचा पाऊस! सर्व चॅनेल फिरवून पाहिले, चित्र नाहीं. मुलांचे चेहरे उतरले. यंत्र प्रवासांत मेलें असावें असें एकदोघांनीं बोलूनहि दाखविलें. तेव्हां फळ्यावर थोडी आकडेमोड करावी असें आम्हांस वाटलें. फॅमिकॉम आपलें चित्र जपानच्या पहिल्या अथवा दुसऱ्या चॅनेलवर पाठवितो. पहिल्या चॅनेलचा पट्टा ९० ते ९६ मेगाहर्ट्झ. त्यांत चित्राची वाहक लहर ९१.२५ वर असते, आणि ध्वनीची लहर तिच्याहून ४.५ नें वर. बेरीज विद्यार्थ्यांनींच केली: ९५.७५. “सर, हा तर एफ. एम. रेडिओचा आकडा!” असें मागच्या बाकावरून कोणी ओरडलें. खरेंच होतें तें. आमच्या टी. व्ही.च्या चॅनेलयादींत हा पट्टाच नव्हता. शिपायांचा रेडिओ आणविला, त्याची तार यंत्राच्या तारेजवळ नेली व कांटा हळूहळू ९५.७५ वर आणला. तों खरखरींतून खेळाचें संगीत क्षीण स्वरानें ऐकूं येऊं लागलें! त्या दिवशीं वर्गांत जो आनंद झाला तो आम्ही विसरणार नाहीं. यंत्र जिवंत होतें; त्याची हांक आमच्या टी. व्ही.च्या कानीं पडत नव्हती इतकेंच.

ही अडचण केवळ परदेशांतील नव्हे. जपानांतहि जुन्या पद्धतीचें दूरचित्रवाणीप्रक्षेपण देशाच्या बहुतेक भागांत २४ जुलै २०११ रोजीं बंद झालें. तेव्हां जन्मभूमींतहि या यंत्राच्या चित्रास दुसरी वाट काढून देण्याची गरज पडते. ती वाट कशी काढावयाची हें समजण्यासाठीं चित्राचा मूळचा प्रवास पाहिला पाहिजे.

फॅमिकॉमच्या पोटांत दोन मुख्य चिपा आहेत, दोन्ही रिको कंपनीच्या. एक हिशेब करिते, दुसरी चित्र काढिते. चित्र काढणाऱ्या चिपेचा क्रमांक २सी०२. तिला चाळीस पाय असून एकविसाव्या पायांतून चित्र बाहेर पडतें. चित्र आडवें २५६ व उभें २४० बिंदूंचें. येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, या पायांतून लाल, हिरवा व निळा असे तीन निरनिराळे संकेत येत नाहींत. उजेड, रंग आणि ओळ कोठें सुरू होते याची खूण, हीं तिन्ही चिपेच्या आंतच एकत्र होऊन एकाच तारेनें येतात. या मिश्र संकेतास ‘कॉम्पोझिट’ म्हणतात. पुढें तो पेटीच्या मागील लहान बोर्डावर जातो. तेथें मॉड्युलेटर नांवाचा भाग त्यास रेडिओलहरीवर बसवितो. तार तो टी. व्ही.पर्यंत नेते, आणि टी. व्ही. पुन्हां लहर बाजूस सारून तोच कॉम्पोझिट संकेत मोकळा करितो! म्हणजे दहा पावलांवरील शेजाऱ्यास द्यावयाचें पत्र टपालपेटींत टाकण्यासारखें झालें. या चढउतारांत बारीक तपशील बोथट होतो व आसपासच्या लहरींची खरखर मिसळते. १९८३ सालीं बहुतेक घरांतील टी. व्ही.ला अँटेनाच्या तोंडावांचून दुसरें तोंड नव्हतें, म्हणून निर्मात्यांनीं ही लांबची वाट पत्करली. त्यांस दोष देणें योग्य होणार नाहीं. पुढें १९८६ सालीं शार्प कंपनीच्या ‘ट्विन फॅमिकॉम’मध्यें आणि १९९३ सालीं खुद्द निन्टेन्डोच्या नव्या फॅमिकॉममध्यें कॉम्पोझिट संकेत सरळ बाहेर काढलेला आढळतो. आम्हांस करावयाचें होतें तें एवढेंच: टपालपेटी टाळावयाची.

परंतु एकविसाव्या पायास तार जोडून ती थेट टी. व्ही.ला लावतां येत नाहीं. टी. व्ही.चें व्हिडिओचें तोंड ७५ ओहम रोधाचें असून त्यावर सुमारें एक व्होल्टचा संकेत यावा लागतो. एवढा भार ओढण्याचें बळ त्या पायाच्या अंगीं नाहीं. म्हणून मध्यें एक ट्रान्झिस्टर बसवितात. तो दाबाचा चढउतार जसाच्या तसा ठेवितो व मागून प्रवाहाचें बळ देतो. पालखींतील मूर्ति तीच, खांदेकरी मात्र दणकट. त्यापुढें एक धारित्र ठेविलें म्हणजे संकेताबरोबर येणारा स्थिर दाब अडतो व फक्त बदलणारा भाग पुढें जातो. ट्रान्झिस्टर, दोन रोधक, एक धारित्र. सारें सामान चहाच्या एका कपाच्या किंमतींत आलें.

ध्वनीसंबंधीं एक गंमत सांगावीशी वाटते. या यंत्रांत आवाज प्रथम खेळाच्या कार्ट्रिजमध्यें जातो आणि तेथून परत येतो. कांहीं कार्ट्रिजांत जादा सूर काढणारी चिप असे. तिचे सूर वाटेंतच मूळ आवाजांत मिसळावे ही त्यांतील योजना. तेव्हां ध्वनीची तार कार्ट्रिजच्या पलीकडून घ्यावयाची. अलीकडून घेतली तर त्या खेळांचें अर्धें संगीत हरवेल.

आतां आमच्या चुकीकडे वळूं. बोर्डावरील तांब्याच्या पट्ट्यांतून जातांना चित्रसंकेतास शेजारच्या अंकवाहक तारांचा उपद्रव होतो व चित्रावर उभ्या फिकट रेघा उमटतात. हा उपद्रव कमी व्हावा म्हणून एकविसावा पाय बोर्डापासून सोडवून त्यास स्वतंत्र तार जोडावी, असा आमचा बेत होता. हें काम विद्यार्थ्यांकडे न देतां आम्हीं स्वतः हातीं घेतलें, आणि सोल्डरिंग आयर्न त्या जागीं आवश्यकतेपेक्षां अधिक वेळ टेकविलें. डाख वितळला, पण त्याबरोबर पायाखालचें तांब्याचें कडेंहि सालीसारखें सुटून आलें. पाय मोकळाच करावयाचा होता, म्हणून कामास अडथळा आला नाहीं. तथापि हें यंत्र पुन्हां मूळच्या स्थितींत आणावयाचें झाल्यास तेथें आतां बारीक तारेचें ठिगळ लावावें लागेल. चाळीस वर्षें शाबूत राहिलेली वस्तु आमच्या हातून पांच सेकंदांत उणी झाली. पाहणारीं बारा मुलें गप्प होतीं. आम्हीं तें कडें चिमट्यानें उचलून सर्वांस दाखविलें व एका पाकिटांत ठेविलें.

यानंतर पेटीस भोंक पाडावयाचें नाहीं असें ठरलें. मॉड्युलेटर तोडून अलग केल्यावर त्याचेंच मागील तोंड व्हिडिओसाठीं उपयोगीं आणलें. चॅनेल बदलण्याचें बटण निरुपयोगी झालें होतें. तें काढून त्याच्या छिद्रांतून ध्वनीची तार बाहेर घेतली. जपानची रंगपद्धति एन्. टी. एस्. सी., आपली पाल. पण आमच्या टी. व्ही.चें व्हिडिओचें तोंड सुदैवानें दोन्ही ओळखतें. चित्र आलें, आणि तें स्वच्छ आलें. उभ्या रेघा अगदीं गेल्या नाहींत, तरी दूर बसल्यास दिसत नाहींत.

दहावींतील एका विद्यार्थ्याचें मात्र समाधान झालें नाहीं. विटांच्या भिंतीच्या कडेस इंद्रधनुष्यासारखा रंग कां पाझरतो, असें त्यानें विचारिलें. प्रश्न मार्मिक होता. रंग वाहणारी लहर सेकंदास सुमारें ३५,८०,००० वेळां कंप पावते, आणि त्याच सेकंदांत चिप सुमारें ५३,७०,००० बिंदूंच्या गतीनें चित्र काढिते. भागाकार करून पहा: एका बिंदूच्या वांट्यास लहरीचा दोन तृतीयांश कंपच येतो. कंप पुरा होण्याआधींच बिंदु संपतो, मग टी. व्ही.नें रंग अचूक कसा ओळखावा? हा दोष वाटेंतला नव्हे, उगमाचा आहे. लिंबाच्या सरबतांतील बिया गाळून काढतां येतात, विरघळलेली साखर कशी काढणार?

त्यानें हार मानली नाहीं. ऑस्ट्रेलियांत तयार झालेल्या ‘एनईएसआरजीबी’ नांवाच्या बोर्डाची माहिती त्यानें शोधून आणली. हा बोर्ड चित्रचिपेखालीं बसतो, तिला मिळणाऱ्या आज्ञा ऐकतो व तेंच चित्र लाल, हिरवा व निळा अशा तीन स्वतंत्र संकेतांनीं नव्यानें रचितो. कडा सुरीसारख्या रेखीव दिसतात यांत शंका नाहीं. पण त्यासाठीं चाळिसांच्या चाळीस पायांचा डाख काढून चिप उपटावी लागते. एका पायाशीं आमची काय गत झाली तें वर सांगितलेंच आहे. शिवाय नववींतील एका मुलीनें विचारिलें, “चिपेनें लाल-हिरवा-निळा असे आकडे कधीं काढलेच नाहींत, तर आकाशाचा नेमका निळा कोणता हें त्या बोर्डाला कोणी सांगितलें?” उत्तर असें कीं, कोणीतरी डोळ्यांनीं व मापांनीं ठरविलें; म्हणूनच त्या बोर्डांत निवडीसाठीं एकाहून अधिक रंगसंच ठेविलेले आहेत. वाद दोन तास चालला. मतें घेतलीं, चिप जागेवरच राहिली. दहावींतील तो विद्यार्थी अल्पमतांत पडला, तरी त्याचें म्हणणें चुकीचें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. यंत्र त्याचें स्वतःचें असतें, तर आम्हीं त्यास मदतच केली असती.

शेवटीं नव्या सपाट टी. व्ही.विषयीं दोन शब्द, कारण पालक हा प्रश्न हटकून विचारितात. फॅमिकॉम सेकंदास साठ वेळां त्याच त्या ओळींवर चित्र काढितो. अनेक सपाट टी. व्ही. त्यास अर्धें चित्र समजतात व लागोपाठचीं दोन चित्रें एकांत एक विणतात. आतां ही चिप एका ओळींत आठांहून अधिक हलत्या आकृति दाखवूं शकत नाहीं. म्हणून खेळ रचणारे त्यांस आळीपाळीनें लुकलुकवीत. विणकामांत अशी आकृति फणीच्या दातांसारखी फाटलेली दिसते, क्वचित् नाहींशीहि होते. मध्यें ‘रेट्रोटिंक’सारखें रूपांतरयंत्र जोडल्यास हें टळतें. खेळांतील प्रकाशबंदुक मात्र काचनळीच्या टी. व्ही.वांचून चालत नाहीं. म्हणून आमचा अवजड जुना टी. व्ही. अद्यापि भंगारांत गेलेला नाहीं. काढलेलें बटण व तें सुटलेलें कडें एकाच पाकिटांत घालून, पाकिटावर तारीख लिहून, फॅमिकॉमच्या मूळ खोक्यांत ठेविलें आहे.