विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजा

कोविडच्या साथीच्या काळात लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेले, मुलाकडे दुबईला जाणारे कितीतरी आईवडील आमच्या लॅबमध्ये स्वॅब द्यायला येत. पॅथॉलॉजिस्ट म्हणून त्यांच्या रिपोर्टांवर सही माझी असायची. आजारामुळे प्रवास अडलेले थोडे. कागदामुळे अडलेले पुष्कळ. पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल आणि नियम काय असतील, ते तेव्हाचं तेव्हा कळेल. तयारीची रीत मात्र बदलणार नाही, म्हणून सांगून ठेवते.

पहिली गोष्ट तासांची. चाचणीची तारीख ठरवताना आजपासून पुढे मोजू नका, विमान सुटण्याच्या वेळेपासून मागे या. रिपोर्ट हातात कधी पडला याला महत्त्व नाही. नमुना किती वाजता दिला ते बघतात. २०२१ च्या उत्तरार्धात दुबईला जाणाऱ्याला ४८ तासांच्या आतला, क्यूआर कोड असलेला आरटी-पीसीआर रिपोर्ट लागे, आणि शिवाय विमानतळावर रॅपिड पीसीआर. अमेरिकेने ६ डिसेंबर २०२१ पासून प्रस्थानाच्या आदल्या दिवशीची चाचणी मागितली. तिथे तास नव्हे, तारीख मोजायची होती. आपल्याकडे यातच गोंधळ व्हायचा, कारण मुंबईहून लांबची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. शुक्रवारी पहाटे एकचं विमान म्हणजे घरातून गुरुवारी संध्याकाळी निघायचं. लोक ‘गुरुवारी जायचंय’ म्हणत आणि बुधवारी स्वॅब देऊन मोकळे होत. तिकिटावर तारीख शुक्रवारची, म्हणजे आदला दिवस गुरुवार. बुधवारचा रिपोर्ट काउंटरवर चालत नसे. विमान मधे कुठे बदलायचं असेल तर त्या देशाची अटही वाचा. मुक्कामाच्या देशाची वाचून भागत नाही.

लॅब निवडताना घराजवळची की स्वस्त, एवढंच बघू नका. रिपोर्ट किती तासांत देता, रविवारी देता का, त्यावर पासपोर्ट क्रमांक आणि नमुना घेतल्याची वेळ छापता का, हे आधी फोन करून विचारा.

नावाचा प्रश्न तर आपल्या घरोघरी आहे. पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. आधारवर नुसतं नाव-आडनाव. बायकांच्या बाबतीत एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. लसीचं प्रमाणपत्र बहुतेकांनी आधारवर काढलेलं होतं. लसीकरणाच्या कोविन पोर्टलवर पासपोर्ट क्रमांक जोडायची आणि नाव दुरुस्त करायची सोय आली, पण ती निघायच्या आदल्या रात्री करायची गोष्ट नव्हे. लॅबमध्ये फॉर्म भरताना पासपोर्ट समोर उघडा ठेवा आणि त्यातलं अक्षर न् अक्षर उतरवा. ‘सौ.’, ‘श्री.’ काही लावू नका.

नुकतं आजारातून उठलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. माणूस बरा झाला, त्याच्यापासून कुणाला धोका उरला नाही, तरी विषाणूचे अवशेष आरटी-पीसीआरमध्ये कित्येक आठवडे सापडू शकतात. अमेरिकेने अँटिजेन चाचणीही चालवून घेतली होती, आणि ९० दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट व प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र असेल तर नव्या चाचणीची गरजही नव्हती. म्हणून जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट फेकू नका. अंगात ताप असेल तर मात्र तिकीट पुढे ढकला; त्यात तडजोड नाही.

आता विमा. माझा जीव सगळ्यात जास्त इथे तुटतो. चाचणी तुम्हाला विमानात बसवते. पुढे आजारी पडलात तर सांभाळायला विमाच लागतो. घरची मेडिक्लेम पॉलिसी सहसा परदेशातल्या उपचारांना लागू होत नाही, आणि अमेरिकेचं मेडिकेअर पाहुण्यांसाठी नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, साथ असो वा नसो. पर्यटक व्हिसावर अमेरिकेला जाताना अशी सक्ती नसते, म्हणून अनेक जण तो काढतच नाहीत किंवा सगळ्यात स्वस्त घेतात. स्वस्त पॉलिसीत बऱ्याचदा प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, उरलेलं बिल आपल्या डोक्यावर. साथीच्या आजाराचा उपचार त्यात धरला आहे का, हे लेखी विचारा. लक्षणं नसताना नुसतं विलगीकरणात राहावं लागलं तर हॉटेलचा खर्च मिळेल का, हाही वेगळा प्रश्न आहे, तोही विचारा.

प्रपोजल फॉर्मवर बीपी, साखर, झालेली अँजिओप्लास्टी, सगळं लिहा. प्रीमियम वाढेल, वाढू दे. एजंट ‘लिहू नका, उगाच अडचण’ म्हणाला तर एजंट बदला. आधीचा आजार लपवला असं नंतर निघालं तर दावा नाकारायला कंपनीला हक्काचं कारण मिळतं. सांगितलेला आजारही पॉलिसीत कितपत धरला आहे, ते बारीक अक्षरात असतं. वाचायला मुलांना बसवा.

पॉलिसी परतीच्या तारखेपर्यंतच घेऊ नका. २३ मार्च २०२० ला भारतात येणारी नियमित विमानं थांबली आणि परदेशी गेलेले आईवडील तिकडेच अडकले. अडकलेल्यांना परत आणणारी सरकारची ‘वंदे भारत’ उड्डाणं मे महिन्यात सुरू झाली. पुढे महिनाभराची जागा ठेवा, आणि मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी अर्ज करा. औषधंही त्याच हिशेबाने, मूळ पाकिटात, औषधाचं जेनेरिक नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. विमा कंपनीचा २४ तास चालणारा फोन नंबर दोघांच्याही पाकिटात हवा. दवाखान्यात भरती होण्याआधी, निदान त्याच दिवशी, तिथे कळवावं लागतं.

अमेरिकेने चाचणीची अट १२ जून २०२२ ला काढली, लसीची मे २०२३ मध्ये. विम्याची गरज तेव्हाही होती आणि आजही आहे. तिकीट काढाल त्याच आठवड्यात पॉलिसी काढा, आणि तिची एक प्रत मुलांना पाठवून द्या.