सोलर बसवण्याआधी बिल वाच

कडेगाव

चि. बाळूस,

दादा सांगत होता, तू घरावर पाच किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरवलंयस आणि उरलेली वीज महावितरणला विकून दरमहा पैसे येतील असं एजंटाने तुला सांगितलंय. सोलर जरूर बसव. पाटण तालुक्यातली मान्याची वाडी 2024 साली राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, आणि आपल्याकडं तर ऊन तिथल्यापेक्षा जास्तच. पण पाच किलोवॅट नको.

नेट मीटरचा खरा फायदा वळतीत आहे. दिवसा घरातून बाहेर गेलेली युनिटं रात्री आत आलेल्या युनिटांतून वजा होतात आणि बिल फरकाचं येतं. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा धरतात. या जमेचं वर्ष एप्रिलपासून मोजतात, ते आपल्या सोयीचंच आहे. चैत्र-वैशाखात साठलेलं आषाढ-श्रावणात उपयोगी पडतं. मार्चअखेर जे शिल्लक राहील त्याला मात्र फारच कमी दर मिळतो. त्या पैशावर बँकेचा हप्ता बांधू नकोस.

मी दादाकडची बिलं काढून बघितली. दोघं माणसं, फ्रीज, पंखे, पाण्याची मोटर; महिन्याला सरासरी 140 युनिटं. पहिल्या 100 युनिटांना वीज आकाराचा जो दर, त्याच्या दुपटीहून जास्त दर पुढच्या 40 ना लागतो. एक किलोवॅट महिन्याला साधारण 120 युनिटं देतं. म्हणजे महागडी 40 तर गेलीच, वर स्वस्तातली 80 गेली. राहिली 20. दुसरा किलोवॅट घेतलास तर आज तो एवढी 20 स्वस्त युनिटंच वाचवणार! वहिनीला इंडक्शन द्यायचं असेल, एसी लावायचा असेल, तर दोन घे. केंद्राचं अनुदान एका किलोवॅटला 30,000, दोनला 60,000, तीनला 78,000. पुढं पाच घे नाहीतर दहा, 78,000 वर रुपया चढत नाही.

दादाला ‘शून्य बिल’ म्हणून सांगू नकोस. स्थिर आकार दर महिन्याला येणारच, आणि पहिलं बिल हातात पडलं की त्याला वाटेल आपल्याला फसवलं. आणखी एक त्याला आधीच समजावून ठेव: लाईट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं, भर दुपारी सुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. त्यामुळं घरातला जुना इन्व्हर्टर विकू नका.

मीटर अजून दादाच्या नावावर नाही. अर्ज भरण्याआधी ते त्याच्या नावावर करून घे, नाहीतर अनुदान अडकेल. पुढच्या रविवारी येणार असशील तर दादाला त्याचं आधार कार्ड आणि घराचा उतारा काढून ठेवायला सांग. आपण दोघं मिळून अर्ज भरू.

तुझी,
आत्या